एक टन खरकटं, रोजचा गॅस: बायोगॅस प्रकल्प चालू करताना

शहरातल्या हॉटेलांचा रोजचा १ टन ओला कचरा पचवणारा बायोगॅस प्रकल्प आम्ही उभा केला. बांधकाम सोपं गेलं. खरं काम सुरू झालं ते टाकी भरल्यावर.

कचऱ्यात तेवढंच पाणी मिसळलं की रोज २ घनमीटर काला होतो. तो ३० दिवस मुरायला हवा, म्हणजे ६० घनमीटर काला आणि वर गॅसला जागा. आम्ही ७० ची पाचक टाकी घेतली. सुरुवातीला ताजं शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून एक तृतीयांश टाकी भरली आणि तीन आठवडे तशीच ठेवली. पहिला गॅस पेटवू नका, त्यात हवा मिसळलेली असते. तो काही दिवस सोडून द्यायचा.

मग भरण. पहिल्या आठवड्यात रोज ५० किलो, पुढे दर आठवड्याला १०० किलोची वाढ. पूर्ण टनावर यायला अडीच महिने लागतात आणि इथेच घाई नडते. घंटागाडी दारात उभी असते, कचरा परत कुठे न्यायचा म्हणून सगळा ओतला जातो. आम्लं तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन करणारे मागे पडतात. काल्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) ७ च्या आसपास हवा. तो ६.५ च्या खाली गेला की आंबट, शिरक्यासारखा वास येतो, गॅस साठवायचा फुगा भरलेला दिसतो, पण बर्नर पेटत नाही. आत बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो. असं झालं की भरण पूर्ण बंद, चुन्याची निवळी थोडी थोडी, वर ताज्या शेणाचा काला. सामू पट्टीवर रोज सकाळी बघायचा, वास येण्याची वाट बघायची नाही.

कचरा बारीक करणाऱ्या क्रशरला सगळ्यात जास्त त्रास चमच्यांचा, हाडांचा आणि आंब्याच्या कोयींचा. कांद्याची सालं तरंगून वर जाड साय धरतात, गॅस तिच्याखाली अडकतो. लिंबाच्या सालीतलं तेल जिवाणूंना मारतं, म्हणून रसवंतीचा आणि सरबताच्या गाड्यांचा कचरा वेगळाच ठेवा. मंडईचा भाजीपाला चालतो, पण तो बहुतेक पाणीच. भात-डाळीइतका गॅस त्यातून येत नाही.

चांगल्या खरकट्यातून टनाला साधारण ८० घनमीटर गॅस मिळतो. स्वयंपाकाला वापरला तर सुमारे ३५ किलो एलपीजी वाचतो, म्हणजे हॉटेलचे १९ किलोचे जवळजवळ दोन सिलिंडर. जनित्रावर वीज केली तर जेमतेम १२० युनिट, त्यातलीच काही क्रशर आणि पंप खातात. शिवाय गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन कुरतडतो. लोखंडाच्या किसाची गाळणी वेळेवर बदलली नाही तर इंजिन गेलंच समजा. जवळ मोठं स्वयंपाकघर असेल तर वीज करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

कचरा जाळून वीज करायची तर वेगळीच अडचण. २०१६ च्या घनकचरा नियमांत ऊर्जेसाठी किलोला किमान १५०० किलोकॅलरी उष्मांक (जळताना मिळणारी उष्णता) धरला होता. दिल्लीच्या तिमारपूरचा १९८७ चा प्रकल्प कचऱ्यात पुरेसा उष्मांक नसल्यानेच बंद पडला. आपला मिश्र कचरा भिजलेला, पावसाळ्यात तर जास्तच. ओलं आधी काढून घेतलं तरच उरलेलं नीट जळेल.

बाहेर पडणाऱ्या काल्याची सोय पहिल्याच दिवशी लावा, तो रोज जवळपास २००० लिटर असतो. निम्मं पाणी गाळून पुन्हा कालवायला वापरता येतं. सगळं नाही, कारण हॉटेलच्या अन्नातलं मीठ आणि अमोनिया टाकीत साठत जातो. उरलेला काला रोपवाटिकांना किंवा कंपोस्टच्या खड्ड्यांना. आणि निविदा काढताना टाकीच्या नकाशाआधी हॉटेलांची यादी जोडा: कोण किती किलो देणार, किती वाजता, कोणत्या रंगाच्या डब्यात.