आमची वाटचाल: डिझाइनसोबत होस्टिंगची जबाबदारी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही वेबसाइट बनवतो. फौंड्रीवाले, गुळाचे व्यापारी, चपलांचे दुकानदार, पतसंस्था, दवाखाने, पन्हाळ्याकडचे होमस्टे अशी आमची गिऱ्हाइकं. सुरुवातीला कामाची रीत सरळ होती. साइट तयार करायची, ग्राहकाने जिथे होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवर साइट ठेवायची जागा, घेतलं असेल तिथे चढवायची आणि बिल द्यायचं. पण साइट बंद पडली की फोन आम्हालाच यायचा. "साइट दिसंना झालीय बघा," एवढंच समोरून ऐकू यायचं. होस्टिंग एका कंपनीचं, त्याचा पासवर्ड कुणा भाच्याकडे, डोमेन (साइटचा पत्ता) तिसऱ्याच्याच नावावर, हे सगळं त्या कारखानदाराने का ध्यानात ठेवावं? त्याने साइट आमच्याकडून घेतली होती. त्याचा हिशेब बरोबर होता, म्हणून आम्ही होस्टिंगही हातात घेतलं.

सुरुवात रिसेलर खात्याने केली. मोठ्या होस्टिंग कंपनीकडून ठोक जागा घ्यायची, डब्ल्यूएचएम या सॉफ्टवेअरमधून तिचे भाग पाडायचे आणि प्रत्येक ग्राहकाला त्याचं स्वतंत्र सीपॅनल (साइट सांभाळायचं पॅनल) द्यायचं. यंत्रं, वीज, नेटवर्क वरची कंपनी पाहते. बिल, अपडेट, बॅकअप आणि फोन उचलणं आपल्याकडे. होस्टिंग द्यायचं ठरवणाऱ्या डिझायनरने याच वाटेने सुरुवात करावी, असं आमचं ठाम मत आहे. भाड्याने सर्व्हर घेऊन त्याची सुरक्षा रात्रंदिवस सांभाळणं हे वेगळं कसब आहे. चांगलं डिझाइन येतं म्हणून ते आपोआप येत नाही.

पैशांचंही मोकळेपणाने सांगतो. डिझाइनचे पैसे एकदाच येतात. रिन्यूअलमुळे दरवर्षी ठरलेली रक्कम येते आणि त्यावर पगार निघतो. मात्र खर्चही हलत राहतो. २०१९ मध्ये सीपॅनल कंपनीने परवान्याची आकारणी खात्यांच्या संख्येवर नेली, तेव्हा स्वस्तातली छोटी खाती परवडेनाशी झाली. आम्ही वापरात नसलेली खाती मालकांना विचारून बंद केली आणि बाकीच्यांना नवा दर कारणासह कळवला. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. कारखानदाराला त्याचं क्रेडिट मिळतं (स्वतःच्या करातून तो वजा होतो), डॉक्टरांना मिळत नाही. म्हणून दवाखान्यांना आम्ही सुरुवातीलाच करासकट आकडा सांगतो.

एका गोष्टीवर आम्ही कधीच तडजोड करत नाही. डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर नोंदवलेलं असलं पाहिजे. आमच्याकडे आलेल्या एका पतसंस्थेचं डोमेन आधीच्या डिझायनरने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो गाव सोडून गेला, फोन उचलेना, आणि मुदत संपत आलेली. संस्थेचा फलक, पावत्या, पासबुकं, सगळीकडे तोच पत्ता छापलेला. डॉट कॉमची मुदत संपली की काही दिवसांची सवलत मिळते, पुढे ३० दिवस जादा दंड भरून ते सोडवता येतं, त्यानंतर काही दिवसांत ते कुणालाही घेता येतं. पण सवलत असो की दंड, रिन्यूअल करण्याचा हक्क खातेदाराचा. संस्था स्वतः खातेदारच नव्हती. अध्यक्षांनी त्या माणसाच्या घरच्यांना गाठलं आणि ते नाव वाचवलं. ग्राहकाला सोडून जायचं असेल तर डोमेन दुसरीकडे नेण्याचा ट्रान्स्फरचा कोड, फाइली आणि डेटाबेस आम्ही लगेच देतो, थकबाकी असली तरीही. बाकी वसूल करायचे रस्ते वेगळे आहेत. नाव अडवून ठेवणं हा त्यातला रस्ता नव्हे.

दुसरा मोठा विषय मेलचा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीला साइट तासभर बंद राहिली तरी फारसं बिघडत नाही. पण परदेशातून आलेली कास्टिंगची चौकशी स्पॅममध्ये गेली तर ऑर्डर हातची जाते. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेकांची खाती असतात तिथे, सगळ्यांचे मेल एकाच आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून) निघतात. एकाने दिवाळीच्या शुभेच्छा हजारोंना एकदम पाठवल्या की तो आयपी काळ्या यादीत जातो आणि शेजारच्या खात्याचं कोटेशनही अडकतं. म्हणून ज्यांचा धंदा मेलवर चालतो, त्यांचे मेल आम्ही वेबसाइटच्या सर्व्हरवर ठेवत नाही. गूगल वर्कस्पेस किंवा झोहोसारख्या सेवेवर नेतो आणि डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) मेल कुठे यावा ते सांगणारी एमएक्स आणि मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या नोंदी स्वतः लावून तपासतो. माणशी दर ऐकून सुरुवातीला कुरकुर होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले, तेव्हा आमच्या ग्राहकांच्या या नोंदी आधीच लागलेल्या होत्या. त्या आठवड्यात आम्ही निवांत होतो.

एसएसएल, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी सोय, त्याबद्दल थोडक्यात. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं त्यासाठीचं प्रमाणपत्र मोफत मिळतं आणि आपोआप नवं होतं. त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही, लावणं पटतही नाही.

बॅकअपचं महत्त्व इथल्या माणसाला समजवावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, अनेक भागांत वीज नव्हती. आमच्या ग्राहकांच्या साइट तेव्हा मुंबईतल्या सर्व्हरवर चालू राहिल्या. ज्यांनी सगळी कागदपत्रं ऑफिसातल्या एकाच मशीनवर ठेवली होती, त्यांची अवस्था आम्ही डोळ्यांनी पाहिली. पुढे १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, अशा कित्येकांचा डेटा कायमचा गेला. पूर असो की आग, दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी. आमची एक प्रत सर्व्हरवर असते, दुसरी वेगळ्या कंपनीकडे वेगळ्या शहरात, तिसरी ऑफिसात वरच्या मजल्यावरच्या हार्ड डिस्कवर. अधूनमधून एखादी साइट त्या प्रतीतून पूर्ण उभी करून बघतो. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर आमचा विश्वास नाही.

जे झेपणार नाही ते आम्ही घेत नाही. एका नागरी सहकारी बँकेची माहितीची साइट आमच्याकडे होती. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन डोमेनवर जायला सांगितलं. त्याची नोंदणी आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेमार्फतच होते आणि सुरक्षेच्या अटी कडक आहेत. ते होस्टिंग आम्ही तशी तयारी असलेल्या मोठ्या कंपनीकडे सोपवलं आणि डिझाइन आमच्याकडे ठेवलं. बँकेचा आणि आमचा संबंध त्यामुळे पक्काच झाला.

सध्या आम्ही ज्या गोष्टीवर काम करतोय, ती लहान फर्मसाठी सगळ्यांत अवघड आहे. आम्ही मोजकीच माणसं. आमच्यापैकी कुणी अंथरुणाला खिळलं तर ग्राहकाने काय करायचं? कोविडच्या काळात हा प्रश्न फार जवळून दिसला. आता प्रत्येक ग्राहकाला छापील कागद देतो: डोमेन कुठे आहे, मुदत कधी संपते, होस्टिंग कुणाचं, मेल कुठे, बॅकअप कुठे, कुठल्या खात्याचा मालक कोण. शिवाय सांगलीतल्या आमच्याच व्यवसायातल्या एका मित्राशी लेखी करार केलाय. गरज पडली तर तो आमचे सर्व्हर बघेल, आम्ही त्याचे. करारापाठोपाठ त्याने आमच्या मदतीशिवाय आमची एक साइट परत उभी करून दाखवली. त्याला अडलं त्या दोन जागा कागदात घातल्या आणि नवी प्रत सगळ्या ग्राहकांना पाठवून दिली.