तुम्ही विचारलंत म्हणून: क्ले कोणता घ्यायचा?

प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "प्रोजेक्टसाठी वीस-तीस सेकंदांचं क्ले अ‍ॅनिमेशन करायचंय, क्ले कोणता घेऊ?"

क्ले अ‍ॅनिमेशन म्हणजे मातीसारख्या मऊ क्लेचं पात्र किंचित हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचं, आणि ते फोटो भराभर दाखवायचे. क्लेचं उत्तर सोपं आहे. स्टेशनरीच्या दुकानात कांड्यांमध्ये मिळणारा, तेलातला, न वाळणारा प्लॅस्टिसिन घ्या. शाडू नको, दुसऱ्या दिवशी मान वळवायला गेलात की तडकतो. फोमसारखा हलका एअर-ड्राय, म्हणजे हवेत वाळणारा, क्लेही नको, त्यावर थोड्या वेळात साय धरते आणि मग बोट लागलं की सुरकुती पडते. बारा सेंटिमीटर लांबीच्या एका पात्राला पाव किलो पुरतो. अंगाच्या रंगाचा आणखी तेवढाच घेऊन ठेवा, कारण तो मळणार आहे.

खरं तर विचारायला हवं ते हे, की शूटिंग चालू असताना तुम्ही न हलवता काय काय हलणार आहे? बहुतेक विद्यार्थ्यांची फिल्म तिथेच बिघडते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं, तेव्हा रोप आपोआप वाढत होतं. सांभाळायचं होतं ते बाकीचं सगळं.

आधी गोष्ट निवडा, आणि पायांची निवडू नका. दोन पायांचं बाहुलं चालवायचं तर आत तारेचा सांगाडा हवा, प्रत्येक पावलाला तळव्यात फळीखालून स्क्रू हवा, आणि तरीही ते तिसऱ्या पावलाला तोंडावर पडतं. पहिल्या फिल्मला गोगलगाय घ्या. गोगलगाय पानापर्यंत जाते, तोंड उघडते, आणि वाऱ्याने पान दोन बोटं पुढे सरकतं. संपली गोष्ट. पान मात्र कागदाचं कापा, खरं पान दिव्याखाली तासाभरात कडेने वळायला लागतं.

शंख क्लेचा करू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा, त्यावर एम-सीलचा थर, रात्रभर वाळवून मॅट अ‍ॅक्रिलिक रंग. हाताने धरायची जागाच कडक झाली की बोटांचे ठसे अर्ध्याने कमी होतात. डोळ्यांच्या शिंगांना एक मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार. लोखंडी तार वाकवली तिथे राहत नाही, थोडी परत येते. अ‍ॅल्युमिनियमची राहते, पण एकाच जागी खूपदा वाकवली की तुटते, म्हणून शिंगांची जास्तीची जोडी तयार ठेवा. डोळे म्हणजे दोन पांढरे मणी. मण्याचं भोक हेच बुबुळ. त्यात टाचणीचं टोक घालून मणी फिरवला की नजर वळते आणि क्लेला हात लागत नाही. एवढ्याशा युक्तीने पात्रात जो जीव येतो, तो दोन तास चेहरा कोरूनही येत नाही.

आता उजेड. खिडकीजवळ शूट करायचा मोह होतो, तो टाळा. ऊन सरकतं, ढग येतो आणि फिल्म लुकलुकते. खिडकीला काळा कागद लावा, नाहीतर रात्री बसा. एलईडीचे दोन दिवे पुरे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर फार वेगवान असेल तर एक फोटो उजळ, एक मंद येतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा त्याहून सावकाश, १/२५ किंवा १/१० ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्स (रंगांची पिवळी-निळी झाक) आणि फोकस हातानेच ठरवून लॉक. यातली एक जरी गोष्ट ऑटोवर राहिली, तर तुमचा हात फ्रेमबाहेर गेला की कॅमेरा स्वतःचं डोकं चालवतो. आणखी एक दिवा तुमच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे तुमचा पांढरा शर्ट. गडद कपडे घाला, आणि प्रत्येक क्लिकला उभं राहायची जागा जमिनीवर टेप लावून ठरवून ठेवा.

टेबल जड हवं, फळी त्याला क्लॅम्पने आवळलेली हवी. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती टेप लावा. फोन एअरप्लेन मोडवर, त्यात ब्लूटूथ तेवढं पुन्हा चालू, क्लिक ब्लूटूथ रिमोटने. बटण दाबायला बोट लावलंत की कॅमेरा केसभर सरकतोच. पंखा बंद. मग मे महिन्यात क्ले बोटांना चिकटायला लागतो. तो पिशवीत घट्ट बांधून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडा ठेवलात तर मुंबई-कोकणच्या हवेत बाहेर काढल्याबरोबर त्यावर दव धरतं. एवढं करूनही कॅमेऱ्याला धक्का बसलाच, तर जुनी फ्रेम जुळवत तास घालवू नका. तिथे कट घ्या, कॅमेरा मुद्दाम दुसऱ्या कोनात लावा आणि पुढे जा. प्रेक्षकाला तो दिग्दर्शकाचा निर्णय वाटतो.

हिशोब असा: सेकंदाला १२ फोटो, म्हणजे २० सेकंदांना २४०. एका फोटोला दोन मिनिटं धरली तर आठ तास. ते दोन दिवसांत वाटा, कारण चार तासांनंतर हात घाई करायला लागतो आणि ती घाई पडद्यावर दिसते. शूटिंगच्या अ‍ॅपमध्ये अनियन स्किन चालू ठेवा, म्हणजे मागचा फोटो पुसट दिसत राहतो.

हलवायचं किती? सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक फोटोला सारखंच हलवणं. मग गोगलगाय दोरीने ओढल्यासारखी दिसते. मान वळवायला दहा फोटो घेतले तर अंतरं मिलिमीटरमध्ये अशी धरा: १, १, २, ३, ४, ४, ३, २, १, १. सुरुवातीला हळू, मध्ये वेग, शेवटी पुन्हा हळू. मोजायला क्लेच्या गोळ्यात एक तार उभी करा, तिचं टोक नाकाला टेकवा, मग मान हलवा. टोक आणि नाक यांमधली फट म्हणजे तुमचे मिलिमीटर. क्लिक करण्याआधी ती तार उचलायची असते. अठराव्या फोटोत ती राहून जातेच, तेव्हा प्रत्येक क्लिकनंतर स्क्रीन बघायची सवय लावा. पान सरकतं तिथे मात्र उलट करा: एकदम मोठी उडी, तीन फोटोंत खेळ खलास. वारा सावकाश सुरू होत नाही. त्यानंतर गोगलगाय दोन सेकंद नुसती बघते. ते २४ फोटो एकाच फोटोची नक्कल करून भरू नका, चित्र मेल्यासारखं दिसतं. एक शिंग जरा खाली, मग मणी थोडा फिरवलेला, एवढं पुरतं.

रंग मळणं थांबत नाही, फक्त लांबवता येतं. फिक्या रंगाला आधी हात लावा, गडद रंगाला नंतर, मध्ये ओल्या वाइप्सने बोटं पुसा. टॉवेल नको, त्याचे धागे चिकटतात. फळीवर सनमायका असेल तर तेलकट डाग पुसता येतो. राहिलाच, तर गोगलगाईच्या मागे चमकदार पट्टा असतोच.

संवाद पहिल्या फिल्मला नकोतच. हट्टच असेल तर आवाज आधी रेकॉर्ड करा आणि कुठलं अक्षर कितव्या फोटोवर येतं ते कागदावर लिहा. 'मामा'तल्या दोन्ही 'म'ला ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत, एक-एक फोटो का होईना. प, ब, भ, म एवढे सांभाळलेत तर बाकीची तोंडं ढोबळ असली तरी खपतात.

एडिटिंगमध्ये एकच खोच आहे. प्रोजेक्ट सेकंदाला २४ फ्रेमचा (म्हणजे २४ चित्रांचा) उघडा, म्हणजे तुमचा प्रत्येक फोटो बरोबर दोनदा दिसतो. तो ३० चा राहिला तर कुठला फोटो दोनदा, कुठला तीनदा येतो आणि चाल अडखळते. दोष मग हाताला दिला जातो. अ‍ॅपमध्ये ३० च मिळत असेल तर शूट करतानाच सेकंदाला १० किंवा १५ फोटो धरा.

आवाज लागून फाइल एक्सपोर्ट होईपर्यंत सेट उठवू नका. पान सरकण्याआधी चार फोटो कमी पडलेत, हे आवाज लावल्यावरच कळतं, आणि तोवर दिवे कपाटात, गोगलगाय डब्यात गोळा होऊन पडलेली असते.