सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग–सोलापूर: सायकलवर सव्वाशे किलोमीटर, आणि खिशात चुकीचं खाणं

आधीच सांगतो, घाट, किल्ला, ढग असले फोटोवाले वर्णन वाचायला आला असाल तर इथे काही मिळणार नाही. नळदुर्गचा पाणी महाल सगळ्यांना माहिती आहे, पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहतात, बघून या, छान आहे, संपलं. मला सांगायचंय ते नळदुर्गच्या पुढच्या वीस किलोमीटरबद्दल आणि मला तिथे आडवं करणाऱ्या शेंगापोळीबद्दल.

आखाडातला शेवटचा रविवार होता. आम्ही दोघं, मी आणि माझा मावसभाऊ, पहाटे पाचला निघालो. रूट सोपा: तळे हिप्परगा, तामलवाडी, वर घाट चढून तुळजापूर (पंचेचाळीसेक किमी), तिथून नळदुर्ग (पस्तीसेक), मग हैदराबाद हायवेने इटकळ, बोरामणी करत घरी. एकूण सव्वाशेच्या आसपास. शंभर याआधी दोनदा झालेले, त्यामुळे पायांची काळजी नव्हती. खाण्याची तर अजिबातच नव्हती, कारण आमच्याकडचे एक सीनियर सर, जे गेली कितीतरी वर्षं सायकल चालवतात, ते म्हणाले होते, "अरे शेंगापोळी घे बे दोन, एक खाल्ली की पन्नास किलोमीटर बघायला नको. आणि रस्त्यात हॉटेलंच हॉटेलं आहेत की, भूक लागली की थांबायचं." ह्या दोन्ही वाक्यांवर माझा आता आयुष्यभराचा आक्षेप आहे.

खिशात काय होतं ते लिहितो: दोन शेंगापोळ्या, एक कडक भाकरी तोडून पिशवीत, शेंगाची चटणी (हो, चटणी, हसू नका), आणि ओआरएसची दोन पाकिटं. अस्सल सोलापुरी शिदोरी. प्रवासाला, एसटीला, शेतावर जायला एक नंबर, आणि सायकलवर जवळपास बिनकामाची.

तुळजापूरपर्यंत काही झालं नाही. घाट फार मोठा नाही, गिअर टाकून गप चढायचं. वर पोचलो तर गर्दी, नाष्ट्याच्या हॉटेलात बसायला जागा नाही, पोह्याला पंधरा मिनिटं. केळीवाल्याने चार केळ्यांचे साठ रुपये सांगितले. आपल्या मंडईत साठ रुपयांत डझन येतात म्हणून मी तत्त्वाने घेतली नाहीत. तो माझा तत्त्वाचा क्षण पुढे फार महाग पडला. अर्धी शेंगापोळी खाल्ली, चहा घेतला, निघालो. (देवीचा वार मंगळवार आणि शुक्रवार, पौर्णिमेला तर बघायलाच नको, त्या दिवशी तुळजापुरात नाष्टा होईल अशा भरवशावर जाऊच नका.)

तुळजापूर-नळदुर्ग वारा पाठीशी. अठ्ठावीस-तीसच्या स्पीडने गेलो, गाणी म्हणत. मला वाटलं फिटनेस वाढला. तो फिटनेस नव्हता, पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा होता आणि तो परतीला तोंडावर येणार हे डोक्यातच आलं नाही. नळदुर्गला उरलेली शेंगापोळी, अर्धी भाकरी, अजून एक चहा, आणि बाटलीत ओआरएस. म्हटलं झालं, टाकी फुल.

नळदुर्ग सोडून आठ-दहा किलोमीटर झाले असतील आणि संपलो. दमलो नाही म्हणत, संपलो. दम लागला की धाप लागते, इथे धाप नव्हती, पाय नुसते ओल्या कापसासारखे, स्पीड अकरा, समोरून वारा, बाजूने ट्रेलर जाताना हबका, हात थरथरतायत, भाऊ काहीतरी बोलला त्यावर मी त्याच्यावर ओरडलो, का ते आता आठवत नाही. किलोमीटरचा दगड दिसला की पुढचा दगड येईपर्यंत मला रडू येत होतं, चाळीस वर्षांचा माणूस मी. ह्याला सायकलवाले बॉंक म्हणतात, आपल्या भाषेत साखर संपली.

मग ढाबा. थांबलो तर आखाड पार्ट्यांनी ढाबा भरलेला, टेबलाटेबलावर मटण आणि रस्सा. पोऱ्याला म्हटलं, दादा नुसता साधा भात दे आणि साखर दे. "नुसता भात न्हाई मिळत सायेब, थाळीच घ्या." थाळी यायला पंचेचाळीस मिनिटं. आली ती गार भात आणि दाळीवर बोटभर तेलाची तर्री. बिल दोन माणसांचं ५६० रुपये, वर वीसची पाण्याची बाटली तीसला, का विचारलं तर "थंड करायचे". निम्मं ताट तसंच सोडून उठलो आणि पुढचे सहा किलोमीटर पोटात दगड घेऊन आधीपेक्षाही हळू गेलो. त्या रस्त्यावर घाईत, भुकेलेले असाल तर ढाब्यात शिरूच नका, कुठल्याच. ढाबा हा निवांत बसणाऱ्यांसाठी आहे.

वाचवलं ते एका टपरीवाल्या मावशींनी. पार्ले-जीचा पुडा, एक कोल्ड्रिंक, दोन काळी पडलेली केळी. सगळे मिळून ५५ रुपये. माझा अवतार बघून मावशींनी बाकडं पुसून दिलं आणि म्हणाल्या, "बसा वो बाबा, चक्कर आलीय का?" वीस मिनिटांत, खरं सांगतो, दुसरा माणूस झालो. वारा तोच, सायकल तीच, स्पीड अकराचा अठरा. बोरामणी कधी गेलं कळलं नाही.

घरी येऊन दोन दिवस चिडचिड केली आणि मग हिशोब मांडला. तो असा.

शरीरात, म्हणजे स्नायू आणि लिव्हर मिळून, कार्बोहायड्रेटचा साठा साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. जोर लावून चालवलं तर दीड-दोन तासांत त्याचा बराचसा भाग उडतो. चरबी भरपूर असते, माझ्याकडे तर आहेच, पण ती हळू जळते, वाऱ्याविरुद्ध जोर मारायला ती वेळेवर हजर होत नाही. म्हणून वरून घालत राहायचं: एक-दोन तासांच्या पुढे ताशी ३० ते ६० ग्रॅम कार्ब, अडीच-तीन तासांच्या पुढची राइड असेल तर सवय करून ताशी ९० पर्यंत. नुसतं ग्लुकोज आतडं ताशी साठेक ग्रॅमच ओढून घेऊ शकतं, फ्रुक्टोज दुसऱ्या वाटेने आत जातं, म्हणून दोन्ही मिसळलेलं चांगलं. आणि दोन्ही मिसळलेलं म्हणजे काय, तर आपली साखर, निम्मी ग्लुकोज निम्मी फ्रुक्टोज. गूळ बहुतेक तेच. केळ्यात, खजुरात दोन्ही असतंच.

आता माझं बघा. पाच तासांत शेंगापोळी, भाकरीचा तुकडा, चहातली साखर धरून फार तर शंभर ग्रॅम. ताशी वीस! इंजिनला तीन-चार लिटर लागतं तिथे मी एक लिटर घालत होतो आणि वर "टाकी फुल" म्हणत होतो.

शेंगापोळीत गूळ आहे, पण शेंगदाणा जवळपास निम्मा फॅट. फॅट पोटात रेंगाळतो, गूळ पण त्याच्यासोबत रेंगाळतो. बसून खायला स्वर्ग. चढावर किंवा वाऱ्यात पोटात नुसती पडून राहते. कडक भाकरी चावायला लाळ लागते आणि तीन तासांनंतर तोंडात लाळ नसते, शिवाय फायबर. ओआरएसबद्दल तर मला सगळ्यात मोठा धक्का बसला: एका लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम. ते जुलाबासाठी, पाणी आणि मीठ भरून काढायला केलंय, पाय चालवायला केलेलंच नाही. एक केळं त्याच्या दुप्पट देतं, पंचवीसेक ग्रॅम.

सायकलवाल्यांचं एनर्जी जेल पण आणून बघितलं. एक पाकीट १३० रुपये, कार्ब २२ ग्रॅम, चव खोकल्याच्या औषधासारखी आणि बोटं चिकट. रेस असेल, हात सोडता येत नसतील तर ठीक. आपल्यासारख्या रविवारी फिरणाऱ्यांनी विकत घ्यायचं कारण नाही.

मग मी काय करतो आता. पुढच्या दोन रविवारी एकदा अक्कलकोट जाऊन-येऊन आणि एकदा पंढरपूर केलं, दोन्हीवेळा काहीही झालं नाही त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं पण काही नाही. खाण्याचं तेवढं सांगतो.

सगळ्यात भारी निघाल्या भाताच्या वड्या. युरोपातले प्रोफेशनल टीमवाले पण राइडवर भाताच्याच वड्या खातात म्हटल्यावर बायको पण तयार झाली. एक वाटी तांदूळ, चिकट होणारा घ्यायचा, आंबेमोहोर चालतो, कोलम सुटा होतो आणि जर्सीच्या खिशात त्याचा चुरा होतो. अडीच वाट्या पाणी, नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त, गरम असतानाच तीन-चार मोठे चमचे किसलेला गूळ, पाव चमचा मीठ, वेलची, घोटून ताटात थापायचं, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी आठ वड्या पाडायच्या. एक वडी साधारण वीस ग्रॅम कार्ब, म्हणजे तासाला तीन. तूप अजिबात नको, हात शिवशिवतो माहितीये, तरी नको. खोबरं पण नको. पावसाळ्यात-थंडीत दुपारपर्यंत टिकतात, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र भात खिशात घेऊन फिरायचा नाही, आंबला तर बॉंक परवडला म्हणाल.

उन्हाळ्यात किंवा आळस आला तर पातळ पोळीला गूळ लावून सुरळी, लहानपणी शाळेतून आलं की मिळायची तीच. एका सुरळीत तीसेक ग्रॅम. पाच मिनिटांचं काम, आणि पाचव्या तासालाही तोंडाला बरी लागते. गोड खाऊन वीट येतो, साधारण तीन तासांनी येतोच, त्यासाठी लिंबाएवढे बटाटे उकडून, मीठ आणि किंचित जिरं लावून झिपलॉकमध्ये. पाच-सहा बटाट्यात पंचवीस-तीस ग्रॅम. खजूर बिया काढून न्यायचे, चालत्या सायकलवर बी थुंकताना मी एकदा भावाच्या चष्म्यावर थुंकलीय.

बाटलीत ओआरएसऐवजी: ७५० मिलिला दहा चहाचे चमचे साखर, अर्धं लिंबू, दोन-तीन चिमटी मीठ. पंचेचाळीसेक ग्रॅम त्यातच आले. दहा चमचे ऐकून आई ओरडली. ही साखर सायकलवर बसल्यावर जाळायची आहे, सोफ्यावर बसून प्यायची नाही. शुगर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्यातलं काहीच करू नका, प्लीज.

निघायच्या आधी चहा-टोस्टवर भागवू नका. दीड-दोन तास आधी सुशीला खा, चुरमुरे भिजवून फोडणी द्यायला दहा मिनिटं लागतात, शेंगदाणे मात्र चार-पाचच. एवढ्या पहाटे जात नसेल तर केळं आणि दोन पोळ्या गूळ लावून. भाकरीवर माझा राग नाही हां, आदल्या रात्री मालदांडी ज्वारीची गरम भाकरी दोनाच्या तीन खा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय ते उगाच नाही. आणि शेंगापोळी घरी आल्यावर, आंघोळ करून, तूप लावून. डाळिंबाचं मला एकाने सुचवलं, सोलापूरचं डाळिंब वगैरे. हायवेच्या कडेला उभं राहून डाळिंब सोलून बघा आणि मग मला सांगा.

खायचं कधी, तर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सुरू, मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घास. मी घड्याळात अलार्म लावलाय, वाजला की चावायचं, भूक असो नसो. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, त्या सरांना हे सांगितलं तर म्हणाले "आम्ही नाही बघितलं असलं काही". असेल. ते बावीसच्या वर चालवत नाहीत.

पावसाळ्यात हा लूप करणार असाल तर उलटा करा: पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा... नाही, तसाही शेवटी तुळजापूरहून सोलापूरला वारा तिरका तोंडावरच येतो. दिवाळीनंतर जा सरळ. नळदुर्ग सोडायच्या आधी गावातच बाटल्या भरा, एक पुडा बिस्किटं आणि चार केळी जास्तीची घ्या, काय भाव सांगेल त्या भावाने घ्या. आणि वड्या फॉइलमध्ये बांधू नका, फॉइल चिकटतं आणि दाताखाली येतं, बटर पेपर वापरा. जर्सी धुवायला टाकताना मागचे खिसे उलटे करून बघा, आमच्या वॉशिंग मशीनमध्ये परवा दोन वड्या निघाल्या आणि आता माझी जर्सी मीच हाताने धुवायची असा घरात ठराव झालाय.