पळपुट्याची चप्पल

चेंडू काचेवर बसला की वाड्यातली बाकीची पोरं "मी नाही, मी नाही" करत जागच्या जागी उभी राहायची. मी धूम ठोकायचो. एकदा पळताना उजव्या पायातली चप्पल शेजारच्यांच्या खिडकीखालीच राहिली, काचांच्या तुकड्यांत. मग कोणी फोडली हे विचारायचीही गरज उरली नाही. ओसरीवरून आजोबा गरजले, "थांब, पळपुट्या!"

घाबरटासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. भिणे, भ्याला यातून भ्याड आला, शेळीवरून शेळपट, आणि ऐन वेळी कच खातो तो कचखाऊ. हे सगळे माणसाच्या काळजात डोकावतात. पळपुटा मात्र नुसते पाय बघतो.

शिवाय या शब्दाला एक कायमचा धनी आहे. 25 ऑक्टोबर 1802 ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांची फौज मोडली आणि दुसऱ्या बाजीरावानं पुणं सोडलं. वर्ष संपायच्या आत वसईत इंग्रजांशी तह. पुढे 5 नोव्हेंबर 1817 ची खडकीची लढाई त्यानं पर्वतीवरून पाहिली, आणि नंतर जो निघाला तो जून 1818 मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होईपर्यंत फिरतच राहिला. गंमत म्हणजे त्यानंतर वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन हाच माणूस कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला बसला तो 1851 साली मरेपर्यंत. तीसहून जास्त वर्षं एका जागी! तरी नाव पळपुटाच.

खरं तर पळण्या-पळण्यातही आपण फरक करतो. 1666 साली महाराज आग्र्याहून निसटले, ती सुटका. हूल देऊन मागे फिरलं तर तो गनिमी कावा. आणि पोबारा? तो तर सोंगट्यांच्या पटावरून आलेला. पौ म्हणजे एक, त्यावर बारा, असं फाशांचं भारी दान. हिंदीत पौ बारह झाले म्हणजे नशीब फळफळलं. आपल्याकडे पोबारा केला म्हणजे गडी पसार. मला हा अर्थ जास्त पटतो. वेळेवर पसार होता येणं हेही नशीबच की!

एवढं तेव्हा ठाऊक असतं तर आजोबांशी वाद घातला असता. मी कोठीच्या दाराआड, एका पायात चप्पल घालून उभा होतो. संध्याकाळी ते स्वतःच शेजारी गेले, काचेचे पैसे देऊन आले आणि ती चप्पल माझ्यापुढे टाकत म्हणाले, "पुढच्या वेळी पट्टा नीट लाव."