‘एम्प्टी डॉक्युमेंट’

आमच्या विद्यापीठाचं समावेशन धोरण मंजूर झाल्यानंतरची ही पहिलीच बैठक. समान संधी कक्षाची समन्वयक या नात्याने विषयपत्रिका माझ्याकडे होती आणि तिच्यात मी विद्यार्थी प्रतिनिधीसाठी मुद्दाम वेळ राखून ठेवला होता. एम.ए.ला शिकणारी ही मुलगी जन्मापासून अंध आहे. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘मॅडम, मी भाषण करणार नाही. माझा लॅपटॉप तेवढा स्पीकरला जोडून द्या.’’

कुलसचिव, परीक्षा विभागाचे संचालक, ग्रंथपाल, अधिष्ठाता, संगणक केंद्राचे प्रमुख असे सगळे हजर होते. तिने संकेतस्थळावरून धोरणाची पीडीएफ उतरवून घेतली आणि एनव्हीडीए सुरू केलं. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मोफत मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. आता जगभर लाखो लोक तो वापरतात.

स्पीकरमधून आवाज आला : ‘एम्प्टी डॉक्युमेंट.’

तिने फाइल बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तेच. भिंतीवरच्या पडद्यावर मात्र बाकीच्यांना धोरणाची पानं, सही, शिक्का सगळं स्वच्छ दिसत होतं. सही झालेली प्रत स्कॅन करून चढवलेली होती. असं स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, स्क्रीन रीडरला तिथे मजकूरच सापडत नाही.

‘‘टाइप केलेली मूळ फाइल असेल ना? ती मागवा,’’ कुलसचिव म्हणाले. फाइल आली. या वेळी वाचन सुरू झालं, पण ते असं : ‘एस, स्लॅश, के, सेमीकोलन, डब्ल्यू...’ कुणी हसलं नाही. फाइल जुन्या फॉन्टमध्ये होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणारी जगभरची पद्धत. तिच्या आधीच्या अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पडद्यावर ‘समान संधी’ दिसतं. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते.

ती म्हणाली, ‘‘सर, परीक्षेच्या सूचना, शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाची यादी, सगळं मला असंच ऐकू येतं. मग मी मैत्रिणीला फोन करते. तिला वेळ असेल तर मला कळतं.’’

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देण्याच्या मार्गदर्शक सूचनाही आहेत. आमच्याकडे दोन्ही पाळलं जातं आणि अहवालात तसं लिहिलंही जातं. पण अर्जाची शेवटची तारीख जिला दुसऱ्याला विचारावी लागते, तिला आपण पूर्ण प्रवेश दिला असं मी मानत नाही. हे मी बैठकीत याच शब्दांत बोलले.

एका सदस्यांनी सुचवलं, अशा विद्यार्थ्यांची यादी करू आणि मागणी येईल तशी वेगळी प्रत देऊ. हेतू चांगला होता, तरी मी ठाम विरोध केला. म्हणजे प्रत्येक सूचनेसाठी तिने आधी अर्ज करायचा? शिवाय अंधुक दिसणारी, वाचनात अडखळणारी कितीतरी मुलं आपली अडचण कुणालाच सांगत नाहीत. ती कुठल्याच यादीत येणार नाहीत. मजकूर मुळातच नीट टाइप केलेला असेल, तर अक्षर मोठं करता येतं, शब्द शोधता येतो, ऐकताही येतं. त्यासाठी कुणी कुणाला कारण सांगत बसायला नको.

खरा अडसर पुढे आला. आस्थापना विभागातले ज्येष्ठ लिपिक फाइल घेऊन आले होते, ते दाराशीच उभे होते. त्यांना मी बसायला सांगितलं. ते हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, माझा हात टाइपरायटरवर बसलेला आहे. निवृत्ती जवळ आलीय. आता नवीन कळफलक शिकू?’’ नुसतं परिपत्रक काढून युनिकोडची सक्ती केली असती, तर वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम केलेल्या या माणसाला आम्ही नापास ठरवलं असतं. संगणक केंद्राच्या प्रमुखांनी तिथेच त्यांच्यासाठी युनिकोडमधला रेमिंग्टन कळफलक सुरू करून दिला. बोटं जुन्याच कळांवर, अक्षरं मात्र युनिकोडची. काकांनी धोरणाचा पहिला परिच्छेद टाइप केला. वेग नेहमीचाच होता. दोन-तीन जोडाक्षरांवर थोडे अडले, एवढंच.

मग तो परिच्छेद एनव्हीडीएने मराठीत वाचला. आवाज यांत्रिक होता, पण शब्द न् शब्द कळला. ‘‘थोडं हळू वाचायला लावा की याला,’’ काका म्हणाले. ती म्हणाली, ‘‘काका, मी याच्या दुप्पट वेगाने ऐकते.’’

ठराव तिथेच झाला : यापुढे प्रत्येक सूचना युनिकोड मजकुरात, सही डिजिटल आणि चढवण्याआधी स्क्रीन रीडरवर तपासणी. तपासणीच्या कामाचं विद्यार्थ्यांना मानधन द्यावं, हा माझा आग्रहही मान्य झाला. जुन्या परिपत्रकांपैकी शिष्यवृत्ती आणि परीक्षेची आधी युनिकोडमध्ये आणायला घेतली आहेत. गणित आणि संख्याशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांमधली सूत्रं अजून चित्रांच्या रूपातच आहेत. पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवला आहे.