वाळ्याचा वास, पण नितळ पाण्यासारखा

जुलै लागला की आमच्या गिरगावातल्या खोलीला कुबट वास धरतो. गाद्या, कपाट, पुस्तकं, सगळंच दमट. खिडकी एकच, आणि पावसाची झड आत येते म्हणून ती दिवसदिवस बंद. विकतचा रूम फ्रेशनर मारला की आईचं डोकं चढतं. तिला एकच वास मनापासून आवडतो, वाळ्याचा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकल्यावर पहिला पेला तीच पिते. म्हणून गेल्या पावसाळ्यात ठरवलं, वाळ्याच्या तेलाचा स्प्रे घरीच करायचा. नुसता वाळा बंद खोलीत जड वाटतो, मातीसारखा खाली बसतो. जोडीला गवती चहाचं तेल घ्यायचं.

पहिल्यांदा केलं ते सगळेच करतात तसं. शंभर मिली पाणी, त्यात तेलाचे वीस थेंब, झाकण लावून दणादण हलवलं. ताकासारखं पांढुरकं झालं, आणि आईने चहा गाळेपर्यंत तेल पुन्हा वर येऊन तवंग धरला. तरी आठवडाभर वापरलं. वास येईना. मग बाटली उजेडात धरून बघितली तेव्हा कळलं, स्प्रेची नळी तळापर्यंत जाते, म्हणजे ती खालचं पाणीच ओढते आणि तेल वर तसंच राहतं. बाटली संपत आली तेव्हा ते सगळं तेल एकदम बाहेर पडलं, नेमकं आईच्या पांढऱ्या पडद्यावर. पिवळट ठिपके अजून आहेत. तेव्हापासून नितळपणाचा हट्ट मी सोडलेला नाही. गढूळ झालं किंवा तवंग आला, तर तेल पाण्यात नीट सामावलेलं नाही, म्हणजे प्रत्येक फवाऱ्यात वेगळाच माल येणार.

मग मेडिकलमधून 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. त्यात तेल छान विरघळलं, अगदी काचेसारखं. आनंदाने वरून पाणी ओतलं आणि डोळ्यांदेखत दूध झालं. अल्कोहोलने धरून ठेवलेलं तेल पाणी वाढलं की बाहेर ढकललं जातं, बारीक बारीक थेंब होतात आणि त्यांच्यावर उजेड विखुरतो. पाणी न घालता तसंच वापरावं, तर खोलीभर इंजेक्शनच्या आधी लावतात त्या कापसाचा वास. शिवाय आई रोज तिन्हीसांजेला देवापाशी निरांजन लावते. पेटणारी वस्तू त्या खोलीत फवारायची माझी तयारी नव्हती. अल्कोहोलचा नाद तिथेच सोडला.

वाचून वाचून पॉलीसॉर्बेट 20 हे नाव कळलं. हा रेणू एका अंगाने तेल धरतो, दुसऱ्या अंगाने पाणी. तेलाच्या कणाभोवती या रेणूंचं कडं तयार होतं, आणि ते कण इतके लहान असतात की उजेड त्यांना न अडखळता पार जातो. म्हणून पाणी नितळ दिसतं. शनिवारी प्रिन्सेस स्ट्रीटला गेले. पाटीवर शामळदास गांधी मार्ग असलं तरी आम्ही प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतो. रसायनांच्या एका दुकानात पाव लिटरची बाटली मिळाली. मधासारखं दाट, फिकट पिवळं. घरी येऊन उरलेल्या गढूळ पाण्यात दोन चमचे टाकलं, हलवलं. फेस झाला भरपूर. पाणी तसंच धुरकट.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा त्याच दुकानात. काउंटरवरच्या काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, पाणी कधी घातलं?" म्हटलं, आधीच. "तिथेच चुकलं. आधी तेल आणि हे एकत्र. पाणी सगळ्यात शेवटी, आणि घाई करायची नाही."

त्या रात्री आई झोपल्यावर ओट्यावर छोटा वजनकाटा मांडला. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हा काटा घेतला ते फार बरं झालं, कारण वाळ्याचं तेल इतकं घट्ट असतं की थेंब मोजण्यात अर्थ नाही, एक मोठा पडतो, एक लहान. काचेच्या पेल्यात गवती चहा 0.6 ग्रॅम, वाळा 0.4 ग्रॅम, त्यावर पॉलीसॉर्बेट 4 ग्रॅम. काचेच्या कांडीने दोन मिनिटं ढवळलं, सगळं एकजीव. मग डिस्टिल्ड वॉटर, चमचा चमचा. सुरुवातीला ते घट्ट झालं, खळीसारखं, आणि माझा जीव खाली-वर. ढवळत राहिले. पुढच्या दोन-तीन चमच्यांनी ते सैल पडलं, पण किंचित धुकं राहिलंच. वाळा जड तेल, त्याला जास्त लागतं. नुसत्या गवती चहाला चौपट पुरलं होतं, हे मी नंतर वेगळं करून पाहिलं. दुसऱ्या खेपेला तेच तेल आणि पॉलीसॉर्बेट 6 ग्रॅम. पाणी पूर्ण घातलं, पेला उचलून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरला. पेल्यातून एकादशीची बारीक अक्षरं वाचता आली. रंग फिकट चहासारखा, तो वाळ्याचाच. नितळ म्हणजे बिनरंगी असं नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं.

पॉलीसॉर्बेट हवं तेवढंच घ्यावं. जास्त झालं की लादीवर चिकट थर बसतो, आणि ओल्या पायाने घसरायला होतं. आईचं वय बघता मी फवारा वर हवेत मारते, जमिनीकडे नाही.

ही पहिली नितळ बाटली तीन आठवड्यांत बिघडली. तळाशी कापसासारखे धागे तरंगायला लागले. पाणी आहे तिथे बुरशी येणारच, त्यात मुंबईचा ऑगस्ट. ओतून दिली. आता 100 ग्रॅमच्या घाण्यात फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीनचं, म्हणजे बुरशी रोखणारं तयार मिश्रण 1 ग्रॅम घालते, बाटली गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करते, आणि एका वेळी महिनाभर पुरेल एवढंच करते. बाटली गडद काचेची. अशी तेलं काही प्लास्टिकला खातात आणि उजेडाने त्यांचा वास उतरतो.

शेजारच्या वहिनींनी एक बाटली मागितली. त्यांच्याकडे मांजर आहे म्हणून मी नाही म्हटलं. मांजराच्या यकृताला ही तेलं पचवता येत नाहीत, अंगावर पडलेलं ते चाटूनही घेतं. वहिनींना जरा वाईट वाटलं, पण मी वाळ्याची जुडी दिली, ती त्यांनी कपड्यांच्या कपाटात ठेवली.

यंदा जूनमध्येच दोन बाटल्या केल्या. आईने पहिली हातात घेतली, खिडकीकडे धरली, डोळे बारीक करून पलीकडचं गुलमोहराचं झाड बघितलं. मग गादीवर एक फवारा मारला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी गवती चहा कमी कर गं. माठाचा वास येऊ दे."

गवती चहा 0.4 आणि वाळा 0.6 केला तर पॉलीसॉर्बेट बहुधा 7 ग्रॅम लागेल. रविवारी करून बघणार आहे.