सब्ज्याच्या तेलातलं ते एक नाव

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तुळस आणि सब्जा यांच्या तेलांत नेमकं काय असतं ते बघायचं ठरवलं. तुळस आमच्या अंगणातली, सब्ज्याच्या जुड्या फुलवाल्याकडच्या. पानं तोडायला गेले तर आजी म्हणाली, "आज द्वादशी आहे गं, उद्या तोड." थांबले.

पहिली खेप वाया गेली. पानं मी गच्चीवर उन्हात वाळवली होती. सोलापूरचा मे महिना. ज्या तेलासाठी धडपड, तेच उडून गेलं. दुसऱ्या वेळी घरात सावलीला पसरली. मग पानं पाण्यात उकळून निघालेली वाफ थंड करणाऱ्या नळीचा, म्हणजे कंडेन्सरचा प्रश्न आला. टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं की वाफ नीट थंड होईना, आणि नळाला रोज पाणी येत नाही तिथे ते तीन तास वाहू देणं मला पटेना. बादलीत बर्फ टाकला, कूलरचा छोटा पंप सोडला आणि तेच पाणी फिरवत ठेवलं. क्लेव्हेंजरच्या, म्हणजे वाफेतलं तेल वेगळं गोळा करणाऱ्या उपकरणाच्या, नळीत अखेर पिवळसर थर दिसला तेव्हा फार आनंद झाला. निर्जल सोडियम सल्फेटने उरलंसुरलं पाणी काढलं आणि कुप्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

आजीला दोन्हींचा वास दिला. तुळशीला ती म्हणाली, "लवंग." सब्ज्याला, "बडीशेप." जीसी-एमएसचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आला तेव्हा तुळशीत युजेनॉल होतं, लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक तोच. सोबत बीटा-कॅरियोफायलीन, तेही लवंगेत असतंच. आजीच्या नाकाचं मला फार कौतुक वाटलं.

या रिपोर्टच्या आलेखात प्रत्येक घटकाचं एक शिखर येतं. त्याच भरात सब्ज्याच्या सगळ्यात मोठ्या शिखरापुढे मी अ‍ॅनेथॉल लिहिलं. बडीशेपेचा वास त्याचाच, आणि संगणकाच्या यादीत ते वरच्या दोन नावांत होतं. मॅडमनी पान परत दिलं. "दुसरं नाव का सोडलंस?" दुसरं होतं मिथाइल चॅविकॉल. दोघांचा रेणुभार १४८, अणू तेच, फक्त एक दुहेरी बंध एका घराने सरकलेला. वस्तुमानाचा आलेख जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही.

निवाडा वेळेवरून झाला, म्हणजे यंत्रातल्या लांब नळीतून, कॉलममधून, घटक किती वेळात बाहेर येतो त्यावरून. त्याच कॉलमवर सरळ साखळीच्या अल्केनांचं, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या संयुगांचं, मिश्रण सोडलं. बारा कार्बनच्या डोडेकेनला १२०० आणि तेरा कार्बनच्या ट्रायडेकेनला १३०० धरायचं आणि आपलं शिखर कुठे बसतं ते मोजायचं. अशा अध्रुवी कॉलमवर अ‍ॅनेथॉल १२८५ च्या आसपास, म्हणजे ट्रायडेकेनच्या जवळ यायला हवं होतं. माझं शिखर डोडेकेनच्याही किंचित आधी. मिथाइल चॅविकॉलच! सब्ज्यातल्या लिनॅलूल या दुसऱ्या घटकाची जागाही मग अशीच तपासली, आणि तुळशीची सगळी शिखरं पुन्हा पहिल्यापासून. दोन आठवडे गेले, पण हे काम आधीच करायला हवं होतं.

आजीला सांगितलं की बडीशेपेतही मिथाइल चॅविकॉल थोडं असतं, म्हणजे ती चुकली नव्हती. तिने कुपी पुन्हा नाकाशी धरली आणि म्हणाली, "आता पंढरपूरच्या माळेतली तुळस बघ."